परतीच्या हवेचं दार

शिवणकामाच्या कारखान्याचं छप्पर म्हणजे नुसता तापलेला तवा. बूट घातलेले असूनही पावलं एका जागी ठरत नव्हती. त्या तव्याच्या मधोमध नवंकोरं यंत्र उभं होतं. पत्र्याच्या एकाच पेटीत कुणी दोन ऋतू कोंबून ठेवावेत तसं ते होतं. एका अंगाला गॅसच्या शेगड्या, हिवाळ्यात हवा तापवायला. दुसऱ्या अंगाला कॉम्प्रेसर, उन्हाळ्यात तीच हवा गार करायला. आणि मधे एकच भला मोठा पंखा, ब्लोअर. तो दोन्ही ऋतूंचा हमाल. पेटीच्या पोटातून दोन चौकोनी नळकांडी छपरातून खाली उतरली होती. एकातून वारा खोल्यांत जायचा, दुसऱ्यातून खोल्यांतली हवा परत वर यायची.

यंत्र बसवणारे आपलं काम करून गेले होते. आज मिस्त्रीचं काम होतं. बसवलेल्या यंत्राला पहिला श्वास घ्यायला लावायचा, त्याची नाडी बघायची, आणि ते शहाण्यासारखं वागतंय अशी खात्री झाली की निघायचं. एवढं मोठं यंत्र एकट्याच्या भरवशावर सुरू करायला कंपनीने त्याला पहिल्यांदाच पाठवलं होतं. त्यामुळे सकाळी अंगात एक ताठा होता. दाढी घोटून केलेली. मिशीतले पांढरे केसही आज जरा रुबाबदार दिसत होते.

तो ताठा शिडीच्या पहिल्या पायरीवरच उतरला.

मालकीणबाई अंगणात उभ्या होत्या, शेजारी ठेकेदाराचा इंजिनिअर. मिस्त्री हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकून शिडी चढायला लागला, तेवढ्यात कारखान्याच्या दारातून खणखणीत आवाज आला.

"ए पिल्लू! डोक्याला रुमाल बांध! ऊन लागेल!"

दारात त्याची बहीण. गळ्यात मापाची फीत, कानावर खडू, हातात हातभर लांब कात्री. कटिंगच्या टेबलाची ती मुख्य होती, म्हणून सगळ्या बायका तिला मास्तर म्हणत. मालकीणबाईंच्या मागे लागून तिनेच सांगितलं होतं, यंत्र कुणाचंही घ्या, पण सुरू करायला माझ्या भावालाच बोलवा, त्याच्या हाताला यंत्रं रुसत नाहीत. गेला आठवडाभर तिने टेबलाटेबलाला सांगितलं होतं, भाऊ येणार आहे माझा, मोठा मिस्त्री आहे.

इंजिनिअर हसला. मालकीणबाईंनी तोंडाला पदर लावला. चाळिशी ओलांडलेला माणूस शिडीवर लटकून खिशात रुमाल शोधत राहिला आणि कानाच्या पाळ्या ऊन नसलेल्या जागीही भाजायला लागल्या.

"बांध ना मग, पिल्लू," खालून त्याचा जोडीदार म्हणाला.

या जोडीदाराला सगळे मुका म्हणत, कारण त्याचं तोंड झोपेतही बंद नसे. वायरिंगमधे हात असा की बघत राहावं, आणि जीभ अशी की पळून जावं. "पिल्लू, टेस्टर दे." "पिल्लू, तहान लागली का रे?" वर पोचल्यापासून त्याने हाच धोशा लावला होता. मिस्त्रीने एकदा डोळे वटारले. एकदा पाना जोरात आपटला. मुक्याला ते जास्तच गोड लागलं.

पण काम चोख चाललं होतं. प्रवासात हादरे बसू नयेत म्हणून घट्ट आवळलेले कॉम्प्रेसरचे बोल्ट त्यांनी सैल केले. विजेच्या तारा एकमेकींच्या जागी गेल्या नाहीत ना, हे पाहिलं. गेल्या तर पंखा उलटा फिरतो, वारा येतो पण मरतुकडा, आणि माणूस दिवसभर चूक भलतीकडे शोधत बसतो. पंखा सुलटा फिरला. मग मिस्त्रीने गार हवेचा भाग सुरू केला. कॉम्प्रेसर एकदा गुरगुरला, मग लयीत आला. थोड्या वेळाने खालून बायकांचा हर्षाचा गलका ऐकू आला. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. गारवा पोचला होता.

"तुझ्या नावानं टाळ्या, पिल्लू!"

"गप रे."

गारव्याचे आकडे बरोबर आले तसं त्याने यंत्र बंद केलं. आता गॅसची पाळी. त्याआधी परतीच्या हवेच्या तोंडाशी फिल्टर बसवायचे होते. त्याने बाजूचं पत्र्याचं दार उघडलं आणि दोघं गुडघे टेकून त्या अंधाऱ्या चौकोनात वाकले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मिस्त्रीने ज्यांच्या हाताखाली हे काम उचललं, त्या उस्तादांचा एक नेम होता. पंखा बंद आणि परतीच्या हवेचं दार उघडं असेल, तर तिथे आकड्यांशिवाय काही बोलायचं नाही. कारण त्या वेळी ते नळकांडं म्हणजे सरळ खालच्या खोलीच्या कानाला लावलेली नळी असते. घरधन्याच्या घराला नावं ठेवून, त्याच्या जेवणाला हसून, भलेभले कारागीर असे फसले होते. मिस्त्रीने हा नेम आजवर पाळला होता. आज सकाळीच, शिडी चढायच्या आधी, त्याने मुक्यालाही बजावलं होतं, "वर दार उघडलं की तुझी चक्की बंद. फक्त आकडे."

आता दार उघडं होतं. आणि त्या चौकोनातून, जणू कुणी बोटभर अंतरावर बसलंय इतकं स्पष्ट, गाणं वर येत होतं. टेबलावर कात्री चालत होती, करकर, करकर, आणि त्या लयीवर बहीण गात होती. तिला सवयच होती. हाताला काम आणि ओठाला चार ओळी, दोन्ही आपोआप यायचं. एक ओळ ती म्हणायची, बायका मागून उचलायच्या.

कापडाची घडी, सुईची ती उडी,
भाऊ चढे शिडी, वाऱ्यासाठी।

बायका हसल्या. मागून सगळ्यांनी म्हटलं, वाऱ्यासाठी.

"ऐक, ऐक," मुका कुजबुजला. "तुझ्यावर गाणं केलंय. पिल्लूचं गाणं! अरे, पण खरं सांग, ती तुझी सख्खी बहीण?"

मिस्त्री फिल्टर सरकवत होता. घाम डोळ्यात उतरला होता. सकाळपासूनचं ते पिल्लू, मालकीणबाईंचा पदर, इंजिनिअरचं हसू, सगळं घशाशी आलेलं. आणि मग त्याच्या तोंडून जे निघालं ते पुढे कितीतरी दिवस त्यालाच ओळखू येईना.

"सख्खी कसली! लांबची आहे कुठली तरी. आई गेल्यावर आमच्याकडे राहायला होती, स्वयंपाकपाणी करायला. लग्नबिग्न काही झालं नाही तिचं. मग काय, मला पिल्लू म्हणायचं आणि मिरवायचं. सोडतच नाही पिच्छा."

"पण खाली तर सगळ्यांना सांगतेय, भाऊ आहे म्हणून."

"सांगेल. सांगायला दुसरं आहे काय तिच्याकडे?"

आतून दुसरी ओवी वर येत होती.

ऊन त्याच्या माथी, वारा माझ्या हाती,

आणि ती तिथेच राहिली. पुढची ओळ आली नाही.

मिस्त्री फिल्टरचा कोपरा बसवत होता. ओळ का थांबली, हे त्याच्या लक्षात यायला क्षणभर लागला. मग कात्रीची करकर थांबली. लाकडावर काहीतरी जड, हळू ठेवल्याचा आवाज आला. एक बाई खाकरली, इतकी जवळून, की त्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. समोर उघडं दार होतं.

तो मागे सरकला आणि गुडघ्यांवरच बसून राहिला. खाली काजं करायचं एक मशीन सुरू झालं, टकटक टकटक. कुणीतरी मुद्दाम सुरू केल्यासारखं.

मुक्याने दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. त्याचं तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. शेवटी तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "आकडे बोलायचे होते ना रे आपण."

छपरावर ऊन रणरणत होतं. मिस्त्रीची नजर खाली, स्वतःच्या गुडघ्यांवर गेली. पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर जाड कापडाची दुहेरी ठिगळं होती. छपरावर गुडघे टेकून काम करणाऱ्याला ती लागतात. बाजारात तशी पँट मिळत नाही. त्याच्या प्रत्येक पँटला ती तिने लावलेली होती, दुहेरी टाका घालून, आत पातळ स्पंजाची घडी ठेवून. त्याच घडीवर टेकून तो आत्ता बोलला होता, लांबची कुठली तरी.

आई गेली तेव्हा तो शाळेत होता आणि तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. मुलाकडचे म्हणाले होते, मुलगी पसंत आहे, पण तिच्या मागे येणारा भाऊ नको. तिने त्यांना चहा पाजून वाटेला लावलं होतं आणि रात्री त्याच्या शेजारी बसून त्याच्या शर्टाला बटणं लावली होती. त्यावर पुन्हा कधी एक शब्द नाही. आणि आज त्या बटणांचा हिशेब त्याने साऱ्या कारखान्याला असा ऐकवला होता.

आता रीत अशी, की गॅसचा भाग पहिल्यांदा पेटवायच्या आधी मिस्त्रीने स्वतः खाली जाऊन सांगायचं. नव्या नळ्यांवर कारखान्यातलं तेल असतं, ते जळतं, खोलीत वास सुटतो, हलका धूरही येतो, घाबरू नका, खिडक्या उघडा. न सांगता पेटवलं तर माणसं आग लागली म्हणून पळत सुटतात. तो उठला. शिडीपर्यंत गेला. शिडीच्या कठड्यावर हात ठेवला आणि पाऊल काही उचलेना.

"तू जाऊन ये," तो मुक्याला म्हणाला.

"मी?"

"वासाचं सांग. खिडक्या उघडायला सांग."

मुका गेला आणि आला. आल्यावर बराच वेळ तो वायरी नीट करत बसला.

"काय म्हणाली?"

"खिडक्या उघडल्यात."

"आणखी?"

"म्हणाली, मिस्त्रींना सांगा, खिडक्या उघडल्यात." मुक्याने मान वर केली नाही. "मिस्त्रींना म्हणाली."

त्याने गॅसच्या पाइपाच्या सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे येतात का ते बघत राहिला. कुठेच आले नाहीत. गॅस कुठून निसटत नव्हता. निसटायचं ते निसटून गेलं होतं, आणि त्यावर लावायला साबण नव्हता. त्याने व्हॉल्व्ह उघडला. नव्या पाइपात आधी नुसती हवाच असते, म्हणून पहिली ठिणगी वाया गेली, दुसरीही. प्रत्येक वेळी तडतड झाली आणि अंधार.

तिसऱ्या वेळी धूर ओढणारा छोटा पंखा घूं करून फिरला, ठिणगी तडतडली, आणि शेगड्यांच्या रांगेत एकामागून एक निळ्या ज्योती उभ्या राहिल्या. पाहणाऱ्याने पाहत राहावं अशा. एरवी या क्षणी त्याला दरवेळी आनंद व्हायचा.

ज्योत लागली तरी मोठा ब्लोअर लगेच फिरत नाही. आतल्या नळ्या तापायला तो थोडा वेळ देतो, नाहीतर पहिला वारा गारच जाईल. तेवढ्या वेळात सगळं शांत असतं. परतीच्या हवेचं दार अजून लावलं नव्हतं. मिस्त्रीला वाटलं, हीच वेळ. जिथून शब्द गेले तिथूनच परत बोलावेत. सगळ्यांनी ते ऐकलं, सगळ्यांनी हेही ऐकावं. आणि खरं सांगायचं तर, वरून बोललं की तिच्या डोळ्यांत बघावं लागणार नव्हतं.

तो दारात वाकला. "ताई," तो म्हणाला, "ऐकतेस का?"

खालचं काजाचं मशीन थांबलं.

"मघाशी मी जे..."

धड्ड करून ब्लोअर सुरू झाला. त्याचे शब्द कुठल्या कुठे गेले. डोक्याचा रुमाल सुटून आत खेचला गेला आणि फिल्टरवर पालीसारखा चिकटून फडफडत राहिला. तो ओरडून बोलून पाहत होता, आणि गॅसने तापवलेला वारा त्याचं बोलणं चिरडत खाली धावत होता. शेवटी त्याने रुमाल ओढून काढला आणि दार लावून घेतलं.

"एवढाच वेळ देतं यंत्र," मुका हळूच म्हणाला. "तुला ठाऊक होतं की."

ठाऊक होतं. त्यालाच तर ठाऊक असायचं होतं.

आता खाली जाण्यावाचून सुटका नव्हती. प्रत्येक खोलीतल्या जाळीशी थर्मामीटर धरून वारा किती तापला हे बघितल्याशिवाय काम पुरं होत नाही. मुक्याला वर ज्योतीवर लक्ष ठेवायला बसवून तो शिडी उतरला.

कटिंगच्या खोलीत भट्टी झाली होती. बाहेर उन्हाळा आणि वरून गरम वारा. जळक्या तेलाचा वास. बायका पुठ्ठ्याच्या साच्यांनी, कुणी बाहीच्या, कुणी कॉलरच्या, स्वतःला वारा घालत होत्या. तो आत आला तसे सगळे साचे क्षणभर थांबले, मग पुन्हा हलायला लागले. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. न पाहण्याचंही एक पाहणं असतं, ते त्याच्या पाठीवर चिकटत राहिलं.

बहीण टेबलाशी उभी होती. कापडाच्या थरांवर खडूने रेघ ओढत होती. रेघ सरळ होती. जाळी नेमकी तिच्या डोक्यावर होती. तो काय करावं न सुचून उभा राहिला, तेव्हा तिने वर न बघता पायाने स्टूल त्याच्याकडे सरकवलं.

तो स्टुलावर चढला. थर्मामीटर धरला. काटा स्थिरावला.

"किती?" तिने विचारलं.

त्याने आकडा सांगितला.

"हवा तेवढा आहे?"

"हो."

"मग झालं ना काम, मिस्त्री?"

"ताई..."

"इथे मला मास्तर म्हणतात."

हातशिलाई करणारी म्हातारी कोपऱ्यात सुईत दोरा ओवत होती. ती कुणालाच उद्देशून नसल्यासारखं बोलली, "मघाशी वरून आलं, ताई ऐकतेस का. आम्ही सगळ्या म्हणालो, ऐकतोय बाबा, बोल. तर नुसता गरम वारा आला."

कुणीतरी फुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

तो स्टुलावरून उतरला. उंचावरून बोलायचं नाही एवढं त्याला आता कळलं होतं. जमिनीवर पाय टेकून, हातात थर्मामीटर तसाच धरून, तो म्हणाला, "ही माझी सख्खी बहीण आहे. एका आईची. मी वर खोटं बोललो." थर्मामीटर त्याने दुसऱ्या हातात घेतला. "आई गेल्यावर ती आमच्याकडे राहायला नव्हती आली. घर तिचंच होतं. तिनेच मला ठेवून घेतलं. सकाळी सगळ्यांसमोर पिल्लू म्हणाली, मला लाज वाटली. म्हणून बोललो. तिची लाज वाटली म्हणून नाही..." तो थांबला. इथे पुन्हा खोटं शिरत होतं. "नाही, तिचीच वाटली. तेवढ्यापुरती. आता माझी वाटतेय."

साचे थांबले होते. बहिणीच्या हातातला खडू कापडावर टेकलेला होता आणि तिथे एक पांढरा ठिपका जाड होत चालला होता.

"झालं बोलून?" ती म्हणाली.

"हो."

"एक गोष्ट मात्र वर खरी बोललास." आता तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे कोरडे होते, आणि म्हणूनच त्याला ते सोसवेनात. "सांगायला दुसरं काय आहे माझ्याकडे, म्हणालास. नव्हतंच काही दुसरं. तेवढंच सांगत होते मी सगळ्यांना."

म्हातारीने दोऱ्याची गाठ मारली आणि दाताने दोरा तोडला. तेवढा एक आवाज झाला.

"जा आता," बहीण म्हणाली. "ती आग बंद कर आधी. पोरी भाजून निघाल्यात."

तो मान खाली घालून निघाला. दाराशी पोचला तेव्हा मागून आवाज आला. सकाळचा तो खणखणीत आवाज नव्हता, जवळच्या माणसाशी बोलावं तसाही नव्हता. कामाचा आवाज होता.

"मिस्त्री, डावा गुडघा उसवलाय."

त्याने खाली पाहिलं. ठिगळाचा टाका सुटून स्पंज बाहेर डोकावत होता.

"असू दे," तो म्हणाला.

"असू दे कसं? छपरावर कातडं जाईल सोलून." तिने कात्री उचलली, कापडावर लावली. "उद्या पँट आणून टाक. टेबलावर ठेवलीस तरी चालेल. मी समोर असायलाच पाहिजे असं नाही."

वर येऊन त्याने गॅस बंद केला, ज्योती विझल्या, नळ्या निवेपर्यंत ब्लोअर फिरत राहिला. मग गार हवेचा भाग पुन्हा सुरू केला. पेटीची सगळी दारं नीट आवळली, परतीच्या हवेचं दार सर्वांत शेवटी. प्रत्येक स्क्रू त्याने स्वतः फिरवला. मुका पिशवी भरत होता आणि खरोखरच मुक्यासारखा वागत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "रुमाल बांध रे. ऊन आहे." पिल्लू म्हणाला नाही. मिस्त्रीला वाटलं, म्हणाला असता तर बरं झालं असतं.

त्याने रुमाल बांधला. त्यावर फिल्टरच्या जाळीच्या चौकटी उमटल्या होत्या.

यंत्र लयीत घुमत होतं. खाली आता गारवा पोचला असेल. साचे पुन्हा टेबलावर गेले असतील, करकर सुरू झाली असेल. ती अर्धी राहिलेली ओवी तिने पुरी केली का, की दुसरंच काही म्हणतेय, की नुसतीच कापतेय, हे त्याला ऐकायचं होतं. दाराला कान लावून तो वाकला. आत ब्लोअरची घरघर होती, दुसरं काही नाही.

बटण त्याच्या हाताशी होतं. क्षणभर पंखा थांबवला असता तर सगळं ऐकू आलं असतं.

त्याने बटणावरचा हात काढून घेतला. खाली सगळ्या घामाने भिजल्या होत्या, त्यांना वारा हवा होता. तो उसवलेल्या गुडघ्याने शिडीकडे निघाला, आणि उतरताना कारखान्याच्या दारातून कुणी हाक मारतं का, म्हणून प्रत्येक पायरीवर थोडा थांबत गेला.